सिटिझनशिपच्या परीक्षेचा माझा अनुभव

माझी आणि नवऱ्याची अमेरिकन सिटिझनशिप २०२५ मध्ये झाली आणि तेव्हापासून ओळखीतले बरेच जण फोन करून विचारतायत की काय काय लागतं, परीक्षा अवघड असते का, इंटरव्ह्यूत काय विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून काढते. आधीच सांगते, पास होणं अवघड नाहीये. शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र ज्यांनी थोडंफार मन लावून केलंय त्यांना सहज जमेल. पण परीक्षेच्या यादीतले प्रश्न (आम्हाला शंभर होते) नुसते पाठ करून ऑफिसरसमोर म्हणून मोकळं व्हायचं असं मला करायचं नव्हतं आणि तुम्हीही करू नका असं मनापासून वाटतं. त्यात एवढं काही भरलेलं आहे की ते नुसतं घोकणं म्हणजे वाया घालवणं.

आम्ही २००८ ला न्यू जर्सीत आलो, नवरा एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोर म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब असते ते इकडच्यांना सांगायला नको, आमचं कार्ड आलं २०२० च्या उन्हाळ्यात. कार्ड मिळून पाच वर्षं झाली की अर्ज करता येतो, सिटिझनशी लग्न झालेलं असेल आणि एकत्र राहत असाल तर तीन वर्षं, आणि ती तारीख यायच्या ९० दिवस आधीपासून फॉर्म भरलेला चालतो, त्यामुळे आम्ही २०२५ च्या वसंतातच एन-४००, म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जाचा फॉर्म, भरला. ऑनलाइन फी ७१० डॉलर, कागदावर भरला तर ७६०. फॉर्ममध्ये सगळ्यात वेळ खाणारी गोष्ट म्हणजे प्रवासाची यादी. मागच्या पाच वर्षांत २४ तासांपेक्षा जास्त वेळ देशाबाहेर गेलात ती प्रत्येक फेरी, जायची तारीख यायची तारीख, सगळं लिहायचं. पाच वर्षांतले निदान ३० महिने इथे प्रत्यक्ष राहिलेलं असावं लागतं, आणि एका वेळी सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर त्यावर वेगळे प्रश्न येतात. ज्यांचे आईवडील तिकडे आजारी असतात आणि जे मध्येच चार-पाच महिने जाऊन राहतात त्यांनी हे आधीपासून डोक्यात ठेवा, पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाच्या तिकिटांचे ईमेल जपून ठेवा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. ग्रीन कार्ड असताना ड्रायव्हिंग लायसन्स काढायला किंवा रिन्यू करायला गेलं की मतदार नोंदणी करायची का असा प्रश्न स्क्रीनवर किंवा फॉर्मवर येतो. तिथे घाईत हो म्हणू नका. सिटिझन नसताना मतदार यादीत नाव जाणं ही या सगळ्या प्रक्रियेतली फार गंभीर गोष्ट धरली जाते, एन-४०० मध्ये त्यावर सरळ प्रश्न आहे आणि इंटरव्ह्यूतही तो तोंडी परत विचारतात.

आता मला सिटिझनशिप का हवी होती ते सांगते, कारण बरेच जण म्हणतात कार्ड आहे ना मग कशाला. मला मत द्यायचं होतं. एवढंच मुख्य कारण. न्यू जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्तातला, त्यातला मोठा वाटा शाळांना जातो, माझी मुलगी त्याच शाळेत, आणि शाळेच्या बोर्डावर कोण बसणार हे ठरवताना आमच्या घरातून कुणालाच मत नाही! इतकी वर्षं टॅक्स भरतोय, शाळेत व्हॉलंटियर म्हणून जातोय, बजेटच्या मीटिंगला मागच्या खुर्चीवर बसून ऐकतोय, पण मोजणीत आपण नाही. म्हणून जेव्हा त्या शंभर प्रश्नांत 'वसाहतीतले लोक ब्रिटिशांशी का लढले' हा प्रश्न आला आणि त्याचं पहिलंच उत्तर होतं की कर द्यायचा पण प्रतिनिधित्व नाही, तेव्हा मला ते पाठ करावं लागलं नाही, ते मी जगतच होते.

आम्ही अर्ज वसंतात केल्यामुळे आम्हाला जुनी परीक्षा होती. म्हणजे यूएससीआयएसने (नागरिकत्वाचं काम बघणारं सरकारी खातं) दिलेले १०० प्रश्न, त्यातले ऑफिसर जास्तीत जास्त १० विचारणार, ६ बरोबर आले की पास, आणि सहा झाले की तो तिथेच थांबतो. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी अर्ज केला त्यांना नवीन परीक्षा आहे, १२८ प्रश्नांची यादी, त्यातले २० पर्यंत विचारणार आणि १२ बरोबर यायला हवेत, १२ बरोबर किंवा ९ चुकीचे झाले की थांबतात. सगळं तोंडी असतं, पर्याय वगैरे देत नाहीत. यादी फुकट मिळते, ऑडिओ पण आहे, कुठल्याही क्लासला पैसे द्यायची गरज नाही.

काही प्रश्न पटकन होण्यासारखे. सिनेटर १०० आणि सहा वर्षांसाठी, हाउसचे, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाचे, मतदान करणारे सदस्य ४३५ आणि दोन वर्षांसाठी, सुप्रीम कोर्टात नऊ न्यायाधीश, राज्यघटनेत २७ दुरुस्त्या, झेंड्यावर १३ पट्टे कारण मूळ वसाहती १३. तुमच्या राज्याचा गव्हर्नर, सिनेटर, राजधानी हे ज्याचं त्याने बघायचं, आमची राजधानी ट्रेंटन. जी उत्तरं निवडणुकीने किंवा नेमणुकीने बदलतात ती इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी परत तपासून जा.

पण मी जिथे अडकून राहिले, म्हणजे चांगल्या अर्थाने, तो प्रश्न म्हणजे 'कोण मत देऊ शकतं याबद्दल राज्यघटनेत चार दुरुस्त्या आहेत, त्यातली एक सांगा'. उत्तर एका ओळीचं पुरतं. अठरा वर्षांवरचा नागरिक मत देऊ शकतो म्हटलं की झालं. मी मात्र चारही काढून वाचल्या. पंधरावी, १८७० ची, वंश किंवा रंगावरून मत नाकारता येणार नाही. एकोणिसावी, १९२० ची, बायकांना मत. चोविसावी, १९६४ ची, मत द्यायला कर भरायची अट लावता येणार नाही. सव्विसावी, १९७१ ची, वय २१ वरून १८. आणि हे वाचताना कळतं की पंधराव्या दुरुस्तीने कागदावर हक्क दिला तरी दक्षिणेतल्या राज्यांनी वाचता येतं का याच्या परीक्षा, पोल टॅक्स, धमक्या असं सगळं वापरून काळ्या लोकांना जवळजवळ शंभर वर्षं मतपेटीपासून लांब ठेवलं, १९६५ चा व्होटिंग राइट्स ॲक्ट आला तेव्हा कुठे खऱ्या अर्थाने दार उघडलं. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत बाई-पुरुष, शिकलेला-अडाणी, जमीन असलेला-नसलेला सगळ्यांना एकदम मत मिळालं. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानांवर 'आम्ही भारताचे लोक' छापलेलं असायचं ते आम्ही रोज बघायचो, पण त्या एका निर्णयाची किंमत मला अमेरिकेचा इतिहास वाचताना कळली.

न्यू जर्सीची एक गोष्ट तर मला माहीतच नव्हती. १७७६ च्या इथल्या राज्याच्या घटनेत ठरावीक मालमत्ता असलेल्या सगळ्या रहिवाशांना मत होतं, त्यामुळे मालमत्ता असलेल्या अविवाहित बायका आणि विधवा इथे खरोखर मत देत होत्या. १८०७ मध्ये कायदा करून ते काढून घेतलं. मिळालेला हक्क परत काढून घेता येतो हे वाचून मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं. सुझन बी. अँथनी यादीत आहेच, उत्तर काय तर 'बायकांच्या हक्कांसाठी लढली'. पण तिने १८७२ मध्ये रॉचेस्टरला बेकायदा मत दिलं, तिला अटक झाली, १०० डॉलर दंड झाला आणि तो तिने शेवटपर्यंत भरला नाही, हे कळल्यावर ते उत्तर विसरता येईल का?

परीक्षेच्या आधी आम्ही मुलीला घेऊन फिलाडेल्फियाला गेलो, घरापासून तासा-दीड तासावर आहे. इंडिपेंडन्स हॉलच्या एकाच खोलीत १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि १७८७ ची राज्यघटना पण तिथेच लिहिली गेली. तिथे वॉशिंग्टन ज्या खुर्चीवर बसून त्या सभेचे अध्यक्ष होते ती खुर्ची ठेवलीय, पाठीला वर अर्धा सूर्य कोरलेला. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा ८१ वर्षांचे, सगळ्यात वयस्कर सदस्य, ते सह्या होताना म्हणाले होते की हा सूर्य उगवतोय की मावळतोय ते मला इतके दिवस कळत नव्हतं, आता कळलं की उगवतोय. गाईडने हे सांगितलं तेव्हा मुलगी खुर्चीकडे बघत बसली. पण त्याच खोलीत गुलामगिरी चालू ठेवायचा सौदाही झाला, गुलामांना प्रतिनिधींच्या हिशोबात तीन-पंचमांश धरायचं ठरलं, आणि ते मी मुलीला तिथेच सांगितलं, कारण दोन्ही खरं आहे.

आणि फिलाडेल्फिया म्हणजे आपल्या आनंदीबाईंचं गाव. १८८६ ला इथल्याच बायकांच्या मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्यांच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली, एवढ्या विद्वान, आणि त्यांना अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या बायकांना ते मिळायला अजून ३४ वर्षं जायची होती. आनंदीबाईंबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो पण हे त्यांच्या आजूबाजूचं चित्र माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आता एक गोष्ट जी शंभर प्रश्नांत नाही पण प्रत्येक भारतीयाने फॉर्म भरायच्या आधी वाचायला हवी असं मला वाटतं. १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्या स्वतंत्र माणसांना सिटिझन होता यायचं, १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाचे लोक आले, पण आपण नाहीच. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, त्यांनी नागरिकत्व मागितलं, आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी बसत नाही. नुसतं पुढचं बंद नाही केलं, ज्यांना आधी मिळालं होतं त्या भारतीयांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. वैष्णो दास बगाई हे सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी, ब्रिटिशांचं राज्य नको म्हणून बायकामुलांना घेऊन इथे आलेले, त्यांचं नागरिकत्व गेलं, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. थिंड यांना पुढे १९३६ मध्ये, महायुद्धात लढलेल्यांसाठी झालेल्या कायद्यामुळे नागरिकत्व मिळालं. बाकी भारतीयांना दार उघडलं जुलै १९४६ मध्ये, लूस-सेलर कायद्याने, तेही नवीन येणाऱ्यांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा. त्याच कायद्यामुळे दलिपसिंग सौंद १९४९ ला सिटिझन झाले आणि १९५६ ला कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून गेले. कुणीतरी आपल्या आधी हे सगळं सोसलं म्हणून आपण आज ७१० डॉलर भरून अर्ज करू शकतो. हे मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

मुलीचा जन्म इथला, २०१२ चा, त्यामुळे तेरा वर्षं आमच्या घरात एकटी तीच सिटिझन. ते इथे जन्मलेला तो इथला नागरिक असं सांगणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीमुळे, १८६८ च्या, आणि चिनी आईवडिलांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांनी १८९८ मध्ये जिंकलेल्या खटल्यामुळे. जानेवारी २०२५ मध्ये व्हिसावर असलेल्यांच्या नवीन बाळांना नागरिकत्व नाही असा हुकूम निघाला आणि लगेच कोर्टात गेला, तेव्हा तिने मला विचारलं होतं की मग मी? तिला काही होणार नव्हतं, पण तेराव्या वर्षी पोरीला असा प्रश्न पडावा याचा मला खूप त्रास झाला.

इंटरव्ह्यू नुअर्कला होता. विमानतळासारखी तपासणी, मग वेटिंग रूम, मग नाव पुकारतात. आमचे दोघांचे वेगळे ऑफिसर. आत गेल्यावर बसायच्या आधी उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ. मग पासपोर्ट, ग्रीन कार्ड, लायसन्स. माझे ऑफिसर शांत होते, घाई नाही, हसून बोलले. सिव्हिक्सच्या म्हणजे नागरिकशास्त्राच्या प्रश्नांत मला कायद्याचं राज्य म्हणजे काय, कॅबिनेटमधली दोन पदं, पहिल्या दुरुस्तीतला एक हक्क, कॅनडाला लागून असलेलं एक राज्य, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही काम करू शकत नसतील तर कोण, आणि यादवी युद्ध कुठल्या कारणामुळे झालं, हे सहा आले आणि सहाव्यावर ते थांबले. शेवटच्याला यादीत तीन उत्तरं आहेत, गुलामगिरी, आर्थिक कारणं, राज्यांचे हक्क, कुठलंही एक चालतं. मी गुलामगिरीच म्हटलं, मला दुसरं म्हणायचं नव्हतं. मग टॅब्लेटवर एक वाक्य वाचायचं आणि एक ऐकून लिहायचं, दोन्ही अगदी सोपी. खरा वेळ जातो तो फॉर्मच्या उजळणीत. कधी अटक झाली का, टॅक्स भरायचा राहिलाय का, कम्युनिस्ट पार्टीत होतात का, गरज पडली तर देशासाठी शस्त्र हातात घ्याल का, असे हो-नाहीचे भरपूर प्रश्न. यातले काही शब्द इंग्लिश माध्यमवाल्यांनाही रोजचे नसतात आणि ऑफिसर मध्येच विचारतात की याचा अर्थ सांगा, त्यामुळे फॉर्मची तयारी प्रश्नांइतकीच करा. चुकून नापास झालात तरी ६० ते ९० दिवसांत एकदा परत बोलावतात, फक्त जो भाग राहिला तेवढाच घेतात.

काही आठवड्यांनी ओथ, म्हणजे निष्ठेची शपथ घ्यायचा समारंभ. ग्रीन कार्ड तिथे परत द्यावं लागतं, इंटरव्ह्यूनंतर परदेशी गेलात का वगैरे छोटा फॉर्म भरून न्यायचा. देशांची नावं वाचतात आणि त्या त्या देशाचे लोक उभे राहतात. इंडिया म्हटल्यावर मी उभी राहिले आणि घसा दाटला, कारण थोड्या वेळात म्हणायच्या शपथेत आधीच्या देशाशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडतो असं स्पष्ट वाक्य आहे. मी ते घरी अनेकदा वाचून गेले होते. मी ते खोटं म्हणणार नव्हते, म्हणून आधी स्वतःशी नीट बोलून ठरवलं होतं की माझं मत, माझी जबाबदारी, ज्युरी ड्युटी आली तर तीही, आता इथे. सांगलीचं घर, भाषा, माणसं याबद्दल ती शपथ काही मागत नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की जागेवरून हलायच्या आधी नाव, जन्मतारीख, स्पेलिंग तपासा. आपल्यात मधलं नाव नवऱ्याचं किंवा वडिलांचं असतं, ते प्रत्येक कागदावर एकसारखं आहे ना बघा. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, दुसरं घेतलं की भारताचं आपोआप संपतं. अमेरिकन पासपोर्ट आला की भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) काढायचं. ओसीआयवर भारतात मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते, त्यामुळे ज्यांच्या सातबाऱ्याचे विषय आहेत त्यांनी आधी घरी बोलून घ्या. आणि तिकिटं या सगळ्याला वेळ ठेवूनच काढा.

ओथ सप्टेंबरमध्ये झाला म्हणून मतदार नोंदणी मुदतीत झाली, आणि ४ नोव्हेंबरला गव्हर्नरच्या निवडणुकीत आम्ही दोघांनी मत दिलं. मी सगळ्यात आधी मतपत्रिकेवर शाळेच्या बोर्डाची नावं शोधली.

आता सासूबाईंची पाळी. मोठ्या दिरांनी त्यांना ग्रीन कार्डवर आणलं त्याला १५ च्या वर वर्षं झाली आणि वय ५५ च्या पुढे आहे, त्यामुळे त्यांना इंग्लिशची परीक्षा नाही, सिव्हिक्सचे प्रश्न मराठीत देता येतात, दुभाष्या सोबत असला की झालं. (वय ६५ च्या वर आणि कार्ड २० वर्षांचं असेल तर अजून सोपं, फक्त २० प्रश्नांचीच यादी असते, ज्यांचे आईवडील त्यात बसतात त्यांनी जरूर बघा.) पण अर्ज नोव्हेंबरात केला म्हणजे नवीन १२८. सासूबाई सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होत्या, त्यांचा अभ्यास आमच्यापेक्षा पक्का. लिंकनवर आलो तेव्हा त्याच म्हणाल्या, "अगं जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलंय, त्यांनी गुलाम मोकळे केले म्हणून, हे विचारत नाहीत का?" १८७३ चं पुस्तक, लिंकनच्या जाहीरनाम्याला जेमतेम दहा वर्षं झालेली. मुलीने ते लगेच वहीत लिहून घेतलं, तिला शाळेत सांगायचंय.

सध्या गाडी इलेक्टोरल कॉलेजवर, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेले प्रतिनिधी अध्यक्षाला मत देतात त्या पद्धतीवर, अडलीय. यादीत प्रश्न आहे की ते महत्त्वाचं का, उत्तर छोटं आहे, अध्यक्ष कोण होणार ते त्याने ठरतं. पण सासूबाईंना ते पटत नाही, २००० आणि २०१६ मध्ये देशभरात जास्त मतं मिळालेला उमेदवार हरला हे कळल्यापासून त्या रोज जेवताना नातीला विचारतात, "मग माझ्या मताचं काय गं?" आणि नात त्यांना कागदावर राज्यं काढून समजावत बसते. इंटरव्ह्यूचं पत्र अजून यायचंय. झालं की त्यांचा अनुभव त्यांनाच लिहायला सांगणार आहे.